आरएफसीवर पत्ता कोणता द्यायचा? मानकांच्या लेखकांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान कुणासाठी आहे?

ठाणे आणि नवी मुंबईत नेटवर्क, टेलिकॉम किंवा सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या आणि त्यातून वेळ काढून आयईटीएफसाठी (इंटरनेटची तांत्रिक मानकं ठरवणारी संस्था) ड्राफ्ट, म्हणजे मानकांचे मसुदे, लिहिणाऱ्या मंडळींसाठी. वागळे इस्टेट, ऐरोली, महापे, बेलापूर इथल्या ओळखीच्यांकडून तेच ते प्रश्न येत राहतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. बहुतेक उदाहरणं आरएफसीची (इंटरनेटच्या मानकांची क्रमांकवार प्रसिद्ध होणारी दस्तऐवज-मालिका) आहेत, कारण तिथे लेखकाचं नाव आणि पत्ता खुद्द दस्तऐवजात छापतात. बीआयएसच्या (भारतीय मानक ब्यूरो) मानकांची पद्धत वेगळी आहे, तिच्याबद्दल खाली लिहिलं आहे.

आरएफसीच्या शेवटी लेखकाचा पत्ता द्यावाच लागतो का?

हो. आरएफसी लिहिण्याचे शैलीनियम आरएफसी ७३२२ मध्ये आहेत (सप्टेंबर २०१४). पहिल्या पानावर ज्यांची नावं लेखक म्हणून येतात, त्या प्रत्येकाचा संपर्क शेवटच्या विभागात द्यायचा असतो. त्यात ईमेल सक्तीचा, आणि तोही दीर्घकाळ टिकणारा. टपालाचा पत्ता आणि फोन ऐच्छिक आहेत. यामागची कारणंही नियमातच दिली आहेत. एक, लेखक नेमका कोण हे निःसंदिग्धपणे कळावं. दोन, पुढे कधीतरी वाचणाऱ्याला शंका आली तर विचारायला जागा असावी.

‘पुढे कधीतरी’ हे किती लांब असू शकतं, याचा अंदाज बऱ्याच जणांना नसतो. टीसीपीचा (इंटरनेटवर डेटा खात्रीनं पोचवणारा प्रोटोकॉल) मूळ दस्तऐवज, आरएफसी ७९३, सप्टेंबर १९८१ चा. त्याची जागा घेणारा आरएफसी ९२९३ आला ऑगस्ट २०२२ मध्ये. मधली जवळजवळ ४१ वर्षं जगभरच्या अभियंत्यांनी तोच दस्तऐवज समोर ठेवून कोड लिहिला. त्याचे संपादक जॉन पोस्टेल १९९८ मध्येच गेले. तुमच्या ड्राफ्टचं एवढं नशीब असेल की नाही कुणालाच सांगता येणार नाही, पण पत्ता देताना तसं असेल असंच धरून द्यावा.

छापून झालेल्या आरएफसीतला पत्ता बदलता येतो का?

नाही. प्रसिद्ध झालेल्या आरएफसीचा मजकूर बदलत नाही, हाच त्या मालिकेचा पाया आहे. त्यामुळे आज १९६९ मधला पहिला आरएफसी उघडला तरी तो तसाच्या तसा वाचायला मिळतो.

‘मग एरेटा टाकतो’ असं काही जण म्हणतात. एरेटा, म्हणजे चूक-दुरुस्तीच्या नोंदी, असतात प्रसिद्धीच्या वेळी मजकुरात जे चुकलेलं होतं त्यासाठी. तुमचा ईमेल त्या दिवशी बरोबर होता आणि तीन वर्षांनी तुम्ही नोकरी बदललीत, ही मजकुरातली चूक नव्हे. म्हणूनच या पानावरची बरीचशी उत्तरं एकाच मुद्द्याकडे येतात: दस्तऐवजात असा पत्ता द्या जो तुमच्या हातात राहील, आणि दस्तऐवजाबाहेर अशी एक जागा सांभाळा जिथे तुम्हाला तो बदलता येईल. दोन्ही हवं. एकानं भागत नाही.

ऑफिसचा ईमेल देऊ की स्वतःचा?

स्वतःचा. यात मला मधला मार्ग दिसत नाही.

ऑफिसचा ईमेल कंपनीच्या मालकीचा असतो. तुम्ही सोडलंत की बंद. तुम्ही नाही सोडलंत तरी कंपनी विकली जाते, दुसऱ्या कंपनीत विलीन होते, नाव बदलते, आणि जुनं डोमेन वर्षा-दोन वर्षांत गुंडाळलं जातं. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या आयटी पार्कांमध्ये पंधरा वर्षं काढलेल्या कुणालाही विचारा, त्याच इमारतीत, त्याच खुर्चीवर बसून ज्यांच्या कार्डावर तीन वेगवेगळी डोमेनं आली अशी माणसं सापडतील.

डोमेन गुंडाळलं जाण्यात आणखी एक धोका आहे, त्याच्याकडे फारसं लक्ष जात नाही. नूतनीकरण न झालेलं डोमेन कुणीही विकत घेऊ शकतं. घेणाऱ्यानं त्यावर मेल सर्व्हर उभा केला की तुमच्या जुन्या पत्त्यावर येणारा प्रत्येक मेल त्याला मिळतो, आणि त्यात ‘पासवर्ड विसरलात का’ या लिंकाही आल्या. तुमच्या नावानं कुणी ड्राफ्टला मान्यता देऊ शकेल, ही शक्यता गंभीरपणे घ्यावी अशीच आहे.

‘पण कंपनीचं नाव यायला हवं, मॅनेजरनं बजावलंय.’ येऊ द्या की. आरएफसीत संस्थेचं नाव आणि ईमेल हे दोन वेगळे रकाने आहेत. आरएफसी ज्या एक्सएमएल फाइलमध्ये लिहितात, तिच्यात लेखकाच्या नोंदीत ऑर्गनायझेशन हा टॅग वेगळा, ईमेल हा टॅग वेगळा. पहिल्या पानावर तुमच्या नावाखाली कंपनी दिसेल आणि शेवटी स्वतःचा ईमेल दिसेल. यात नियमाच्या विरुद्ध काहीच नाही. मॅनेजरना असं सांगा की पुढे कुणी प्रश्न विचारला तर तो बंद पेटीत पडण्यापेक्षा माझ्यापर्यंत आलेला बरा, आणि त्यात कंपनीचंही नाव राखलं जातं. बहुतेक वेळा पटतं.

स्वतःचा म्हणजे जीमेल का?

चालतो, एका अटीवर: खातं वापरात ठेवा. दोन वर्षं कुणी न उघडलेलं वैयक्तिक खातं हटवण्याचं धोरण गूगलनं मे २०२३ मध्ये जाहीर केलं आणि त्या वर्षाच्या डिसेंबरपासून ते लागू झालं. फक्त मानकांसाठी म्हणून एक वेगळं खातं उघडायचं आणि मग विसरून जायचं, ही पद्धत म्हणूनच धोक्याची.

याहून भक्कम म्हणजे स्वतःचं डोमेन. मेल कुठल्याही सेवेकडे असू दे, उद्या सेवा बदललीत तरी पत्ता तोच राहतो. डोमेन एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी नोंदवता येतं. नोंदवताना एक गोष्ट तपासा: नूतनीकरणाची आठवण ज्या ईमेलवर जाते तो त्याच डोमेनवरचा नसावा. डोमेन बंद पडलं की आठवणही पोचणार नाही. आणि ज्या कार्डावरून पैसे आपोआप कापले जातात त्याची मुदत संपली की नूतनीकरण गुपचूप अडकतं. घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी या खात्याची माहिती असू द्या.

आयईईईसारख्या व्यावसायिक संस्था सदस्यांना फॉरवर्ड होणारा पत्ता देतात. तो सदस्यत्वाशी बांधलेला असतो, त्यामुळे वर्गणी भरत राहणार असाल तरच द्यावा. आणि इंटरनेट देणाऱ्या कंपनीचा पत्ता तर अजिबात नको. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमनं देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा त्यांचा ईमेल हाच अनेकांचा पहिला पत्ता होता. २००२ मध्ये ती कंपनी टाटांकडे गेली, २००८ मध्ये नावही बदललं. त्या काळात त्या पत्त्यांवर विसंबून छापलेलं जे काही आहे, त्यातला लेखक आज नावावरूनच शोधावा लागतो.

ईमेलमधलं ॲटचं चिन्ह तोडून लिहिलं तर? स्पॅम फार येतो.

आरएफसीत तसं चालत नाही. आरएफसी ७३२२ मध्ये हे स्पष्ट लिहिलंय की बॉटना चकवण्यासाठी ईमेल मोडून-तोडून लिहिणं अभिलेखासारख्या जपायच्या मालिकेत योग्य नाही आणि त्याला परवानगी नाही. वाचणाऱ्याला सरळ लिहिता यावं म्हणूनच तो पत्ता असतो. स्पॅम येईल, फिल्टर लावा. स्वतःचं डोमेन असेल तर मानकांसाठी एक वेगळा पत्ता काढून मुख्य पेटीत वळवता येतो, म्हणजे निदान स्पॅम कुठून आला ते कळतं.

मोबाइल नंबर द्यावा का?

नको. बंद पडलेला नंबर काही काळानं दुसऱ्या ग्राहकाला मिळतो. रात्री अडीच वाजता परदेशातून रूटिंगबद्दल फोन आला तर तो तुम्हालाही नको असतो, आणि त्या अनोळखी माणसाला तर नकोच नको.

टपालाचा पत्ता?

घरचा देऊ नका. दस्तऐवज कायमचा आहे, प्रती जगभर आहेत, मागाहून पुसता येणार नाही. घोडबंदर रोडवरच्या सोसायटीचं नाव, विंग आणि फ्लॅट नंबर तिथे असण्याची गरज नाही.

ऑफिसचा द्यायचा असेल तर द्या, पण तो संपर्कापेक्षा ओळख पटवायलाच जास्त उपयोगी पडतो. एक्सएमएलमध्ये रस्ता, शहर, राज्य, पिनकोड आणि देश यांचे वेगवेगळे रकाने असतात आणि सगळे भरावे लागत नाहीत. शहर ‘ठाणे’, राज्य ‘महाराष्ट्र’, देश ‘भारत’ एवढ्यानं पुरतं. टपालाचा पत्ता दिलात तर देशाचं नाव असायला हवं, आणि ते आयएसओ ३१६६ च्या यादीतल्या इंग्रजी नावाप्रमाणे, ही शैलीनियमांची अपेक्षा आहे. नवी मुंबईकरांनी ‘महापे, नवी मुंबई’ असं पूर्ण लिहावं. नुसतं ‘मुंबई’ लिहिलं की परदेशी वाचकाला फरक पडत नाही, पण त्याच नावाचा दुसरा अभियंता अंधेरीत असेल तर पडतो.

माझं नाव फार सर्वसामान्य आहे. कुणी माझी दुसऱ्याशी गल्लत करणार नाही ना?

करतील. पहिल्या पानावर आद्याक्षर आणि आडनाव एवढंच येतं. ‘ए. कुलकर्णी’ किंवा ‘एस. पाटील’ या नावानं किती जण सापडतील, याचा हिशोब प्रत्येक मराठी माणसाला न सांगता कळतो. शैलीनियमांत यावर तोड आहे: जास्तीची आद्याक्षरं चालतात. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये असतंच, ते इथे कामी येतं. ‘ए. व्ही. कुलकर्णी’ लिहिलंत की गर्दी बरीच कमी होते. मात्र एकदा ठरवलंत की प्रत्येक दस्तऐवजात तसंच लिहा, हाही त्याच नियमाचा भाग आहे. एका ड्राफ्टमध्ये मधलं आद्याक्षर, दुसऱ्यात नाही, तिसऱ्यात लग्नानंतरचं आडनाव, असं झालं की शोधणाऱ्याला ही तीन माणसं वाटतात.

आडनाव बदलणाऱ्या मैत्रिणींना माझा सल्ला: कागदोपत्री काहीही असो, लेखक म्हणून जे नाव पहिल्यांदा छापलं गेलं तेच चालू ठेवता आलं तर ठेवा. ते शक्य नसेल किंवा नको असेल, तर ऑर्किड आयडी आधी काढा. ऑक्टोबर २०१२ मध्ये सुरू झालेली ही मोफत नोंदणी आहे. तिच्यात तुम्हाला सोळा स्थानांचा एक क्रमांक मिळतो (शेवटचं स्थान तपासणीचं असतं, म्हणून तिथे कधीकधी एक्स हे अक्षर दिसतं) आणि तो नाव, नोकरी, देश काहीही बदललं तरी बदलत नाही. तुमची आधीची नावं आणि दस्तऐवज त्या पानावर एकत्र नोंदवता येतात. २०१५ पासून प्रत्येक आरएफसीला डीओआय क्रमांक (दस्तऐवजाची कायमची डिजिटल ओळख) असतो, त्यामुळे आरएफसी तिथे जोडणं सोपं आहे.

नाव देवनागरीत छापता येतं का?

येतं. आरएफसी ७९९७ (डिसेंबर २०१६) नंतर लेखकाचं नाव स्वतःच्या लिपीत देता येतं, सोबत रोमन लिपीतलं रूप द्यावं लागतं. मला हे मनापासून आवडतं, आणि शक्य त्यांनी करावं असं वाटतं. ‘साठे’ आणि ‘साथे’ रोमनमध्ये सारखेच दिसतात, देवनागरीत नाही.

ईमेलही देवनागरीत असू शकतो. त्यासाठीचे आरएफसी ६५३० ते ६५३३ हे २०१२ चे आहेत. पण असा पत्ता सगळ्या सर्व्हरवर अजून पोचत नाही, म्हणून संपर्कासाठी रोमनमधलाच द्या.

डेटाट्रॅकरचं खातं कशाला हवं?

दस्तऐवजाबाहेरची, बदलता येणारी जागा हीच. आयईटीएफच्या डेटाट्रॅकरवर प्रत्येक लेखकाचं एक पान असतं. तिथे एकाच माणसाच्या नावावर अनेक ईमेल नोंदवता येतात आणि कुठला मुख्य, कुठला निष्क्रिय हे ठरवता येतं. प्रत्येक ड्राफ्टच्या नावावर एक सामायिक ईमेल पत्ता आपोआप तयार होतो आणि तो लेखकांकडे वळवला जातो. तुमचं खातं ताजं असेल तर अनोळखी माणसाला तुमचा आजचा पत्ता माहीत नसतानाही त्याचा मेल तुमच्यापर्यंत येतो.

जुना पत्ता काढून टाकू नका, निष्क्रिय करा. तुमचे जुने दस्तऐवज त्या पत्त्यामुळेच तुमच्या नावाशी जोडलेले असतात.

नोकरी सोडतोय. नेमकं काय करू?

राजीनामा दिल्यावर लगेच करा, शेवटच्या दिवसावर ठेवू नका. शेवटच्या दिवशी काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे: सकाळी ‘नो ड्यूज’चा फॉर्म घेऊन मजल्यामजल्यावर सह्या गोळा करायच्या, दुपारी लॅपटॉप आयटीकडे जमा, केक कापला जाईपर्यंत मेल बंद झालेला असतो.

आधी डेटाट्रॅकरमध्ये शिरून नवा ईमेल जोडा. त्याची खातरजमा करणारी लिंक नव्या पत्त्यावर येते, ती दाबून मग नवा पत्ता मुख्य करा. हे जुना मेल चालू असताना करायचं, कारण पासवर्ड आठवत नसेल तर तो बदलण्याची लिंक जुन्या पत्त्यावरच जाणार आहे. एखादा ड्राफ्ट चालू असेल तर त्याची नवी आवृत्ती नव्या ईमेलसह आत्ताच चढवा. नव्या आवृत्तीची खातरजमा आधीच्या आवृत्तीच्या लेखकांकडे मागितली जाते. तिथले सगळे पत्ते मेलेले असले की आयईटीएफच्या सचिवालयाला लिहून सोडवून घ्यावं लागतं, आणि नेमकी त्याच आठवड्यात ड्राफ्टची अंतिम मुदत असते.

मग सहलेखकांना एक ओळ लिहा. ड्राफ्टची फाइल ज्या कोड-होस्टिंग खात्यात आहे त्याचा ईमेल आणि ओटीपीचं ॲप ऑफिसच्या फोनवर नाही ना, ते पाहा. आयएएनएकडे (प्रोटोकॉलचे क्रमांक आणि नावं नोंदवणारी संस्था) तुमच्या नावावर काही नोंद असेल तर तीही बदला (याबद्दल खाली). कंपनीला ‘सहा महिने माझा मेल फॉरवर्ड करा’ असं विचारून पाहायला हरकत नाही, पण बहुतेक ठिकाणी सुरक्षा धोरणावर बोट ठेवून नाही म्हणतात.

लेखक सापडला नाही तर खरंच काही अडतं का?

हो, आणि पहिल्यांदा अडतं ते प्रसिद्धीच्या उंबरठ्यावर. आरएफसी छापण्याआधीच्या शेवटच्या तपासणीला ऑथ-४८ म्हणतात. नावाप्रमाणे ४८ तासांची अपेक्षा, प्रत्यक्षात आठवडे लागतात. पहिल्या पानावरच्या प्रत्येक लेखकानं मजकूर पाहून मान्यता द्यायची असते. पाचातले चार तयार आणि पाचवा उत्तरच देत नाही, असं झालं की दस्तऐवज तिथेच थांबतो. मग क्षेत्र संचालकांना (आयईटीएफमधल्या एकेका विषयक्षेत्राचे प्रमुख) मध्ये पडावं लागतं, कधी त्या लेखकाचं नाव योगदानकर्त्यांच्या यादीत हलवावं लागतं. वर्षानुवर्षं राबलेल्या माणसाचं नाव फक्त बंद पडलेल्या ईमेलमुळे पहिल्या पानावरून जावं, हे फार वाईट वाटतं.

दुसरी अडचण हक्कांची. १० नोव्हेंबर २००८ पासून आरएफसी ५३७८ चे नियम लागू झाले आणि लेखकांनी आयईटीएफ ट्रस्टला (मजकुराचे हक्क सांभाळणारी संस्था) द्यायचे हक्क वाढले. त्याआधी लिहिणाऱ्यांनी ते जादा हक्क दिलेले नव्हते. त्यामुळे जुन्या दस्तऐवजातला मजकूर घेऊन नवा लिहायचा असेल तर जुन्या लेखकांची परवानगी लागते. ती मिळत नाही तेव्हा ‘यात १० नोव्हेंबर २००८ पूर्वीचा मजकूर असू शकतो’ असा ठरलेला इशारा घालून पुढे जावं लागतं. तुम्ही आजही काही आरएफसींच्या पहिल्या पानांवर हा परिच्छेद पाहिला असेल. त्यामागे बऱ्याचदा कुणीतरी कुणालातरी शोधलेलं असतं आणि तो सापडलेला नसतो.

तिसरी, एरेटा. कुणी चूक कळवली की त्याची सूचना लेखकांनाही जाते. निर्णय आयईटीएफच्या दस्तऐवजांबाबत क्षेत्र संचालक घेतात, लेखकावर काही अडून राहत नाही. पण त्या वाक्याचा मूळ हेतू काय होता, हे लेखकाइतकं दुसऱ्याला सांगता येत नाही.

आयएएनएच्या नोंदींचं काय?

त्या वेगळ्या सांभाळाव्या लागतात. डेटाट्रॅकरवर ईमेल बदलला म्हणून आयएएनएकडचा बदलत नाही.

पोर्ट क्रमांकाच्या नोंदीत (नियम आरएफसी ६३३५, ऑगस्ट २०११) मालक आणि संपर्क व्यक्ती वेगवेगळ्या लिहितात. एसएनएमपीसाठी (नेटवर्कमधल्या यंत्रांवर देखरेख ठेवण्याचा प्रोटोकॉल) कंपन्यांना जे प्रायव्हेट एंटरप्राइझ नंबर मिळतात, त्यातही संस्थेसोबत एका माणसाचं नाव आणि ईमेल असतो. इथे आपल्याकडे हमखास एक गोष्ट घडते: उत्साही कनिष्ठ अभियंता स्वतःच्या नावानं अर्ज करतो, नंबर मिळतो, उत्पादनात बसतो, अभियंता जातो. काही वर्षांनी कंपनीचं नाव बदलून घ्यायचं म्हटलं की मागणी खरी आहे हे पटवून देण्यातच महिना जातो. अशा नोंदीत संपर्क म्हणून कंपनीचा पदाचा ईमेल द्यावा, म्हणजे माणूस गेला तरी पेटी चालू राहील. वर लेखकासाठी सांगितलं त्याच्या हे बरोबर उलट आहे, कारण इथे मालक कंपनी आहे.

तुमच्या ड्राफ्टमधूनच नवी नोंद होणार असेल तर आरएफसी ८१२६ (जून २०१७) नीट वाचा. ‘चेंज कंट्रोलर’ म्हणजे बदलाचा अधिकार कुणाकडे, हा रकाना संपर्काच्या रकान्यापेक्षा महत्त्वाचा. मानकांच्या वाटेवरच्या (स्टँडर्ड्स ट्रॅक) दस्तऐवजात तिथे स्वतःचं नाव न घालता आयईटीएफ लिहावं.

मला एका जुन्या आरएफसीचा लेखक शोधायचाय. सुरुवात कुठून करू?

आधी स्वतःला विचारा, लेखकच हवा आहे का? तो आरएफसी मागे पडून नवा आला असेल तर नव्याच्या लेखकाला विचारा. चूक सापडली असेल तर एरेटाची यादी बघा, ती बहुधा आधीच कुणी कळवलेली असते.

लेखकच हवा असेल तर त्याचा सगळ्यात अलीकडचा दस्तऐवज काढा. १९९९ च्या आरएफसीतला पत्ता मेलेला असतो, पण त्याच माणसानं २०१९ मध्ये ड्राफ्ट लिहिलेला असेल तर तिथला चालू असण्याची शक्यता बरीच जास्त. डेटाट्रॅकरवरचं त्याचं पान हे काम एका क्लिकमध्ये करतं. तिथे नाही मिळालं तर सहलेखक, मग ज्या कार्यगटात (आयईटीएफचा त्या विषयावरचा गट) तो आरएफसी लिहिला गेला त्याचे अध्यक्ष. कार्यगट बंद झाला असेल तर त्या क्षेत्राचे संचालक.

पत्ता मिळाला की मेल नीट लिहा. ‘सर, तुमच्या आरएफसीबद्दल थोडी माहिती हवी होती’ अशा मेलला उत्तर येत नाही, कारण त्यात उत्तर देण्यासारखं काही नसतं. आरएफसी क्रमांक, कलम, परिच्छेद, ते वाक्य जसंच्या तसं, त्याचे तुम्हाला दिसलेले दोन अर्थ, आणि तुम्ही कोडमध्ये कोणता धरलात. एवढं असेल तर वीस वर्षांपूर्वी विषय सोडलेला माणूससुद्धा दोन ओळी लिहितो, हा माझा अनुभव आहे. प्रश्न एकच विचारा.

मेल परत आला. आता?

परत आलेला मेल वाचा, बहुतेक जण वाचत नाहीत. ‘५५० ५.१.१’ दिसलं तर डोमेन जिवंत आहे, त्यावर ती पेटी नाही: माणसानं संस्था सोडलेली आहे. डोमेनच सापडत नाही असं आलं तर संस्थाच गेली किंवा तिचं नाव बदललं. मग संस्थेचा नवा अवतार शोधा. आकडा ४ नं सुरू होत असेल तर अडचण तात्पुरती आहे, थांबा, पुन्हा पाठवू नका. तुमचाच सर्व्हर प्रयत्न करत राहतो. काहीच परत आलं नाही तर मेल स्पॅममध्ये गेला असू शकतो, दोन आठवड्यांनी एकदा आठवण करा.

‘हा माणूस आता इथे नाही, त्या पत्त्यावर लिहा’ असं सांगण्याची सोय ईमेलच्या नियमांतच आहे. ऑगस्ट १९८२ च्या आरएफसी ८२१ मध्ये ५५१ हा संकेत त्यासाठीच ठेवला होता. खासगीपणाच्या कारणानं आज सर्व्हर तो जवळपास कधीच देत नाहीत. म्हणून हे काम लेखकानंच करायचं उरतं.

लेखक हयात नसेल तर?

सहलेखकांना आणि कार्यगटाला विचारा. घरच्यांना शोधून तांत्रिक प्रश्न विचारू नका. हक्कांचा प्रश्न असेल तर तो आयईटीएफ ट्रस्टमार्फत हाताळू द्या.

सुरक्षेतली त्रुटी सापडली आहे. लेखकाला कळवू?

एकट्या लेखकाला नको. पेटी बंद असू शकते, किंवा वर म्हटल्याप्रमाणे ती दुसऱ्याच्या हातात गेलेली असू शकते. प्रोटोकॉलमधल्या त्रुटींसाठी आयईटीएफचा स्वतंत्र ईमेल पत्ता आहे, तो वापरा. त्रुटी एखाद्या कंपनीच्या उत्पादनात असेल तर त्यांच्या संकेतस्थळावर सिक्युरिटी-टीएक्सटी ही (त्रुटी कुणाला कळवायची ते सांगणारी) फाइल आहे का बघा. तिचे नियम आरएफसी ९११६ मध्ये आहेत (एप्रिल २०२२), आणि त्यात संपर्काइतकीच मुदतीची तारीखही सक्तीची आहे. तारीख उलटली की ती माहिती जुनी समजायची. संपर्काला मुदत लावण्याची ही कल्पना मला फार योग्य वाटते.

बीआयएसच्या मानकांवर लेखकाचं नाव का नसतं?

भारतीय मानकं समित्या तयार करतात, म्हणून. मानकाच्या परिशिष्टात समितीची रचना दिलेली असते, संस्था आणि त्यांचे प्रतिनिधी. शेवटच्या पानावर दस्तऐवज क्रमांक असतो, त्यात विभाग आणि समितीचा संकेत येतो. पत्रव्यवहारात तो क्रमांक घालून समितीच्या सदस्य-सचिवांना लिहायचं. मानकांचा निदान पाच वर्षांतून एकदा आढावा घेतला जातो, त्या वेळी आलेल्या सूचनेला जास्त वजन असतं. समितीवर तुम्ही कंपनीचे प्रतिनिधी असाल आणि नोकरी सोडलीत, तर सचिवांना स्वतःहून कळवा. नाहीतर मसुदे तुमच्या बंद पेटीत जात राहतात आणि कंपनीला पत्ताही लागत नाही.

वैयक्तिक माहितीच्या नव्या कायद्यामुळे असा पत्ता छापण्यावर बंधन आलं का?

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातून, व्यक्तीनं स्वतः जाहीर केलेली माहिती वगळलेली आहे. तुम्ही आपणहून आरएफसीत दिलेला ईमेल त्यात बसतो. सहलेखकाचा पत्ता मात्र त्याला न विचारता एक्सएमएलमध्ये भरू नका. कायद्याचा भाग सोडा, तो पत्ता त्याला कायमचा चिकटणार आहे, तेव्हा कोणता द्यायचा हे त्यानंच ठरवायला हवं.

हे सगळं किती वेळा तपासायचं?

वर्षातून एकदा पुरे. डोमेनच्या नूतनीकरणाची तारीख धरून ठेवा, त्याच दिवशी दुसऱ्या एखाद्या खात्यातून स्वतःलाच, आरएफसीत छापलेल्या पत्त्यावर, एक मेल टाका आणि तो पोचतो का ते बघा.